जेव्हा, तेव्हा आणि कोण

लेकीने पहिला डबा आणून भिंतीवर बसवला तेव्हा बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की या पाहुण्याला चहा विचारावा की हळूच वाटेला लावावं. डबा पांढरा, तळहाताएवढा, मध्ये एक बारीक दिवा. तो दिवा मिणमिणला आणि बाईंचे यजमान खुर्चीतून उठून उभे राहिले. झालं, म्हणाल्या बाई मनात, आता यांचं जेवणात लक्ष लागायचं नाही.

यजमानांना सगळे दिवेवाले म्हणत. नाटकमंडळीत उभी हयात त्यांनी रंगमंचावरचे दिवे केले होते. बाई त्याच मंडळीत प्रॉम्प्टर होत्या. विंगेत खुर्ची टाकून बसायचं, मांडीवर संहिता घ्यायची आणि नट अडखळला की पुढच्या ओळीचा पहिला शब्द त्याच्या कानात घालायचा. प्रेक्षकांना कळता कामा नये, पण नटाला मिळालाच पाहिजे. दोघं अंधारात काम करणारी माणसं. लग्नही तिथेच, त्या अंधारातच जमलेलं, असं मंडळीतले लोक चेष्टेने म्हणत. त्यात फारसं खोटं नव्हतं.

लेक ज्या कंपनीत कामाला होती तिथे घरं शहाणी करायचं यंत्र बनवत होते. दिवा आपोआप लागतो, पंखा आपोआप थांबतो, तसलं.

"प्रोग्रामिंग येतं त्यांच्यासाठी अशी पुष्कळ यंत्रं आहेत आई," लेक म्हणाली. "आम्हाला ज्यांना त्यातलं काही म्हणता काही येत नाही, त्यांच्यासाठी करायचंय. त्यांनाही मजा आली पाहिजे."

"मग अगदी बरोबर पत्त्यावर आलीस," बाई म्हणाल्या.

आणि खरंच, ते जमण्यासारखं होतं. टॅबवर रंगीत ठोकळे होते. निळ्या ठोकळ्यावर लिहिलेलं 'जेव्हा', पिवळ्यावर 'तेव्हा'. निळा ओढून आणायचा, त्यात सांगायचं, जेव्हा बाहेरचं दार उघडेल. त्याला पिवळा चिकटवायचा, तेव्हा पॅसेजमधला दिवा लागेल. खट्ट असा आवाज होऊन ठोकळे एकमेकांत बसले की काम झालं. मग लेकीने दोघांना एकेक बिल्ला दिला, शर्टाच्या बटणाएवढा. बाईंचा त्यांच्या गळ्यातल्या साखळीला अडकवला, दिवेवाल्यांचा घड्याळाच्या पट्ट्याला. आता कोण कुठे आहे ते घराला कळणार होतं. त्यासाठी हिरवा ठोकळा होता, 'कोण'. दिवेवाल्यांचे ठोकळे त्यांच्या टॅबवर, बाईंचे बाईंच्या. एकाचे दुसऱ्याला उघडता येत नसत. टॅब उघडायला अंगठा टेकवावा लागे.

बाई आठवडाभर नाक मुरडत राहिल्या. मग एका दुपारी दिवेवाल्यांचा डोळा लागलेला बघून त्यांनी आपला पहिला उद्योग केला. दिवेवाल्यांना डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं आणि दिवेवाल्यांनी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. जेव्हा बिस्किटांचं कपाट उघडेल, कोण, दिवेवाले, तेव्हा दाराची बेल वाजेल. संध्याकाळी बेल वाजली. दिवेवाले तोंडात बिस्कीट धरून दार उघडायला गेले, बाहेर कोणी नाही. परत आले, कपाट उघडलं, पुन्हा बेल. बाई स्वतः कपाट उघडत तेव्हा मात्र घर मूग गिळून गप्प. चौथ्या फेरीला दिवेवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि बाई पोट धरधरून हसल्या. लेकीने हा किस्सा ऑफिसात सांगितला तेव्हा तिचे साहेब म्हणे उठून टाळ्या वाजवत होते. हेच तर हवंय आपल्याला, म्हणाले.

त्यानंतर बाईंना नादच लागला. खिडकीशी उभं राहिलं की रेडिओ, झाडांना पाणी घालायचा नळ सोडला की गॅलरीतला दिवा. एखादा ठोकळा मनासारखा बसला की त्या दिवसभर खुशीत असत.

मग घर बोलायला लागलं.

पहिल्यांदा बोललं ते दारापाशी. बाई बाहेर निघाल्या होत्या आणि भिंतीवरच्या डब्यातून दिवेवाल्यांचा आवाज आला, हलका, अगदी विंगेतून यावा तसा. "किल्ली. चष्मा." दोन दिवसांनी स्वयंपाकघरात, "गॅस." मग न्हाणीघराबाहेर, "नळ."

"हे काय नवीन?" बाईंनी विचारलं.

दिवेवाले पेपरात डोकं घालून म्हणाले, "अगं, मला हल्ली विसरायला होतं. माझ्यासाठी करून ठेवलंय."

 बाई आत जाऊन नुसत्याच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.  ज्या माणसाला नाटकातल्या प्रत्येक दिव्याची जागा झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येत असे, तो किल्ली विसरायला लागला. आणि कोणापाशी बोलला नाही, आपला आपण ठोकळे जोडत बसला. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि ठरवलं, यांना हे जाणवू द्यायचं नाही.

तेव्हापासून त्यांनी दिवेवाल्यांना सांभाळायला घेतलं. ते बोलता बोलता थांबले की बाई हळूच पुढचा शब्द देत. ते काही शोधत असले की ती वस्तू नकळत त्यांच्या पुढ्यात आणून ठेवत. लेक आली की तिच्यापासून लपवत. तिने एकदा विचारलं, "आई, विजेचं बिल भरायचं राहिलं कसं?" तेव्हा बाईंनी तिला बाजूला घेतलं. "बाबांना काही बोलू नकोस. त्यांचं वय झालं आता. मी आहे ना, मी बघते." लेकीने आईकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. बापाच्या काळजीने पोरीचा चेहरा उतरला, असं बाईंना वाटलं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आज मागे वळून बघताना त्यांना सगळ्यात जास्त लाज त्या हात फिरवण्याची वाटत होती.

मंडळीच्या व्यवस्थापकाचा फोन आला तो याच दिवसांत. जुनं नाटक पुन्हा उभं करताहेत, आणि विंगेत बाईच हव्यात. नवीन नट आहेत, बाई, तुम्ही असलात की धीर येईल. बाईंनी हो म्हणताना क्षणाचाही उशीर केला नाही. माळ्यावरून जुनी संहिता काढली. पानं पिवळी पडलेली, समासात त्यांच्याच हाताच्या खुणा, कुठे कोण अडतो, कुठे कोणाचा श्वास तुटतो. वाचायला बसल्या तर ओळीच्या ओळी डोळे मिटून येत होत्या. त्या खुर्चीत पुन्हा बसायचं या नुसत्या विचाराने त्यांचं वय उतरलं. तोंडाने त्या सारखं गुणगुणत असत.

तालीम रोज संध्याकाळी. बाई साडी बदलून, संहिता पिशवीत घालून दाराशी येत आणि डबा दिवेवाल्यांच्या आवाजात म्हणे, "आज तालीम रद्द."

"व्यवस्थापक मला कळवतो," दिवेवाले सांगत. "तुला फोन सापडत नाही ना वेळेवर. मग मी घराला सांगून ठेवतो."

बाई परत फिरत, पिशवी खुंटीला लावत आणि चिडचिड करत. या लोकांना तालमीची कदर म्हणून उरलेली नाही. आमच्या वेळी अंगात ताप असला तरी माणूस यायचा. दिवेवाले मान हलवत, खरं आहे म्हणत, आणि बाईंना चहा करून देत. हा प्रकार किती दिवस चालला ते बाईंना सांगता आलं नसतं. दर वेळी त्या नव्याने चिडत होत्या.

त्या दिवशी दिवेवाले केस कापायला गेले. पट्ट्यात केस अडकतात म्हणून ते न्हाव्याकडे जाताना घड्याळ नेहमी काढून ठेवत. तसं ते टेबलावर होतं. बाईंनी दूध तापत ठेवलं, संहिता घेऊन गॅलरीत बसल्या आणि दुसऱ्या अंकात रंगून गेल्या.

"दूध," घर म्हणालं.

बाई धावल्या. दूध काठाशी आलं होतं. त्यांनी गॅस बंद केला, जीव भांड्यात पडला, आणि पातेलं उतरवताना नजर बाजूच्या मोरीत गेली. तिथे दुसरं पातेलं भिजत पडलं होतं, तळ काळाठिक्कर. आदल्या दिवशी दिवेवाल्यांनी दूध करपवलं होतं. बाई तेव्हा शेजारणीकडे गेल्या होत्या. परत आल्या तर घरभर धूर, आणि दिवेवाले खिडक्या उघडत फिरताहेत, हसताहेत.

काल हे का बोललं नाही?

बाई पातेल्याकडे बघत राहिल्या. दिवेवाले विसरतात म्हणून डबा बोलतो. काल दिवेवाले विसरले आणि डबा गप्प बसला. आज दिवेवाले घरात नाहीत आणि डबा बोलला. पटकन त्यांना बिस्किटांचं कपाट आठवलं नसतं तरच नवल. ठोकळे त्यांनीही जोडले होते. हिरवा ठोकळा कशासाठी असतो हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

त्या दाराशी गेल्या. "किल्ली. चष्मा." मग त्यांनी साखळीचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा दाराशी गेल्या. डबा गप्प. दिवेवाल्यांचं घड्याळ स्वतःच्या मनगटात चढवलं, ते सैल होतं, हाताने धरून ठेवावं लागलं. दाराशी गेल्या. काही नाही. दार उघडलं, लावलं. काही नाही. शेवटी आपला बिल्ला उचलला. एव्हाना तालमीची वेळ झाली होती. तो घेऊन त्या पुन्हा दाराशी गेल्या.

"किल्ली," घर म्हणालं. "चष्मा. आज तालीम रद्द."

दिवेवाल्यांचा आवाज किती मायेचा होता. बाईंना तो ऐकवेना.

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना ओळी दिल्या होत्या. कोणाच्या कानात शब्द पडला की तो शेजारच्या नटासाठी आहे, अशीच त्यांच्या मनाची घडण. घरात सारखा शब्द पडत होता आणि त्या खुशाल समजत होत्या, की अडखळणारा तो दुसरा आहे. दुसरी कुठलीही बाई असती तर तिला पहिल्याच दिवशी शंका आली असती.

फोन कधी नव्हे तो लगेच सापडला. व्यवस्थापक गडबडीत होता, मागे नटांचे आवाज येत होते.

"बाई? तब्येत कशी आहे आता? यजमान म्हणाले तुम्हाला बरं नसतं, नाही झेपणार. आम्ही एका मुलीला बसवलंय. बरी आहे, पण तुमची सर नाही. प्रयोगाला मात्र या हं, पहिल्या रांगेत बसा."

"येईन," बाई म्हणाल्या.

त्या खुर्चीत बसून राहिल्या. राग यायला हवा होता, तो यायला वेळ लागला. आधी नुसतं तोंडात मारल्यासारखं झालं होतं.

दिवेवाले आले ते लेकीबरोबर. वाटेत भेटली म्हणे. मानेवर बारीक केस चिकटलेले, चेहरा हलका झालेला. बाईंनी त्यांचं घड्याळ हातातून काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "घर तुमच्यासाठी बोलतच नाही."

दिवेवाले उभ्याचे खाली बसले. लेक दारातच थांबली.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"दोन वर्षं होत आली," दिवेवाले म्हणाले.

"डॉक्टर?"

"दाखवलंय. माझे डोळे दाखवायला म्हणून तुला घेऊन गेलो होतो."

"त्यांनी मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं होतं," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, काय गोड माणूस आहे, तुमचे डोळे तपासून होईपर्यंत माझी करमणूक करतोय." मग लेकीकडे वळून, "तुला ठाऊक होतं."

"आई, मी हा डबा मुळात त्यासाठीच आणला," लेक म्हणाली.  "तुला कोणी सारखं टोकू नये म्हणून. तुला तुझ्या घरात मोकळं फिरता यावं म्हणून. तू स्वतः ठोकळे जोडायला लागलीस तेव्हा मला इतका आनंद झाला…"

"आणि तुझ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या."



दिवेवाले सावकाश बोलले. "दिवा लोकांच्या लक्षात आला की समजावं, दिवेवाला चुकला. हेच आयुष्यभर करत आलो. मला वाटलं, तुझ्या वाटेवर उजेड ठेवावा आणि तो तुला दिसू देऊ नये."

"उजेड तुमचा धंदा. ओळ देणं माझा," बाई म्हणाल्या. "आणि माझ्या धंद्यात नटाला पक्कं ठाऊक असतं, विंगेत माणूस बसलंय. म्हणून तर तो बेधडक पुढे जातो. तुम्ही मला ते ठाऊकच होऊ दिलं नाही. मी एकटी पडले आणि मला कळलंही नाही की मी एकटी आहे. आणि वर तुमच्यासाठी रडत होते. मी तुमच्यासाठी रडत होते, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"उभ्या जन्मात मी कोणाला चुकीची ओळ दिली नाही. नट आवडीचा असो नाहीतर नावडता. आणि तुम्ही रोज संध्याकाळी मला सांगत होतात, तालीम रद्द."

"तिथे अडली असतीस तर तुझं हसं झालं असतं. मला ते बघवलं नसतं."

"मग 'नाही' मला म्हणू द्यायचं होतं. खुर्ची गेली ती गेली. नाही म्हणणं तरी माझं होतं."

 लेकीने पाणी आणून दिलं, बाईंनी ते घेतलं आणि तसंच हातात धरून ठेवलं.  मग त्यांनी विचारलं, आणि या वेळी आवाजात राग नव्हता, भीती होती.

"हे आजचं मला उद्या आठवेल?"

"बहुतेक आठवेल," दिवेवाले म्हणाले. "काही दिवशी नाही आठवत."

"याआधी मला कळलं होतं का कधी?"

दिवेवाले टेबलावरच्या घड्याळाचा पट्टा बोटाने सरळ करत राहिले.

"अहो, मी विचारतेय."

"एकदा," ते म्हणाले. "थंडीत. तूच शोधून काढलं होतंस, असंच. खूप रडलीस. मी तुला वचन दिलं, की यापुढे काही लपवणार नाही. सकाळी उठलीस ती गुणगुणतच उठलीस. तुला काहीच आठवत नव्हतं. मला पुन्हा सांगवेना गं. तू इतकी आनंदात होतीस."

लेकीलाही हे नवीन असावं. तिने वडिलांकडे चमकून बघितलं. बाईंनी मात्र ते अगदी शांतपणे ऐकून घेतलं. फसवलं गेल्याचं दुःख त्या तासाभरापूर्वीच भोगून बसल्या होत्या. आता कळलं की ते दुःखसुद्धा त्यांना एकदा झालं होतं आणि त्यांच्या हातून काढून घेतलं गेलं होतं. नवऱ्याने, प्रेमाने, गुपचूप. आणि आज रात्री त्या झोपल्या, की त्याला ते पुन्हा करता येणार होतं. तो करेलही. इतक्या वर्षांच्या संसारात बाईंनी त्याला तेवढं ओळखलं होतं.

त्यांनी आपला टॅब घेतला आणि अंगठा टेकवला.

निळा ठोकळा. जेव्हा सकाळी स्वयंपाकघराचं दार उघडेल. हिरव्या ठोकळ्यापाशी बोट थांबलं. तिथे आधी त्यांनी स्वतःचा बिल्ला ठेवला, मग थोडा विचार करून त्याच्या शेजारी दिवेवाल्यांचाही ठेवला. "तुमच्याही कानावर पडू दे," त्या म्हणाल्या. पिवळा ठोकळा. तेव्हा माझा आवाज. आवाज भरायचा लाल गोल दाबून त्यांनी घसा साफ केला आणि विंगेतल्या हलक्या, स्वच्छ सुरात बोलल्या.

"तू विसरायला लागली आहेस. घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी तुला सांगितलं नव्हतं. तुला एकदा कळलं होतं, तेही सांगितलं नाही. आज काय लपवलंय ते विचार."

खट्ट आवाज होऊन ठोकळे बसले.

"माझ्या अंगठ्याशिवाय हे कोणाला काढता येणार नाही ना?" त्यांनी लेकीला विचारलं.

"नाही," लेक म्हणाली. ती रडत होती. "आम्हीच तसं केलंय. पण आई, हे इतकं कडू रोज सकाळी… आठवलं नाही त्या दिवशी नव्याने ऐकशील. पुन्हा पहिल्यांदा."

"मग काय, तुमच्यावर सोडू?"

दिवेवाले उठले, बाईंच्या शेजारी येऊन बसले. हात धरावा की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यांनी तो आपल्याच गुडघ्यावर ठेवला.

"किती दिवस ठेवायचं हे?" त्यांनी विचारलं.

बाईंनी टॅब मिटला.

"मला पाठ होईपर्यंत."